अर्धी गोळी

हलकं धान कापणीला आलं होतं, पण मनकर्णाचं मन शेतातल्या बांधीत ठरत नव्हतं. हातात विळा आणि डोळे घराकडे. घरी तिचा नवरा देवाजी एकटा होता, आणि एकटा असला की तो काय करून बसेल याचा नेम उरला नव्हता. मागच्या आठवड्यात त्याने चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि शेजारच्या अन्नपूर्णाबाईच्या ओट्यावर जाऊन बसला. पातेल्याचा तळ काळाठिक्कर झाला, घरभर धूर. मनकर्णा धावत आली तेव्हा देवाजी ओट्यावरून तिलाच म्हणाला, "कोनाच्या घरी जळून राह्यलं वं?"

कुरखेड्यापासून थोडं आत त्यांचं गाव. आजूबाजूच्या गावांत देवाजीला ओळखत नाही असा माणूस नव्हता. तो नाटकातला माणूस. दिवाळी सरली, गावोगावी मंडया, म्हणजे रात्रभर नाटकं चालणाऱ्या जत्रा, भरू लागल्या की वडशाच्या भैयाजीच्या कंपनीबरोबर तो जो घराबाहेर पडे, तो उन्हं तापेपर्यंत. नायकाचा बाप, गावचा पाटील, कधी कपटी दिवाण. माइक बंद पडला तरी त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जाई. नाटकाचं पुस्तक दोनदा वाचलं की त्याला स्वतःचंच काय, समोरच्याचंही भाषण पाठ.

दोन वर्षांमागे, पावसाळ्यात तो भामरागडकडे गेला. कंपनीत ढोलकी वाजवणारा पोचू त्याचा जिवाभावाचा. त्याच्याकडे थोडं राहून यावं म्हणून. तिथे पाऊस लागला, नद्या फुगल्या, रस्ता बंद झाला आणि देवाजीला थंडी वाजून ताप भरला. पोचू आणि त्याची बायको मंगली यांनी गावकऱ्यांच्या मदतीने त्याला खाटेवर घालून चिखलातून नदीपर्यंत आणलं, डोंग्यातून पार केलं. पण दवाखाना गाठेपर्यंत मलेरिया मेंदूत चढला होता. तो बेशुद्ध पडून राहिला, पुढे वाचला, आणि आपल्या पायांनी चालत घरी आला. मनकर्णाने गावात पेढे वाटले.

पेढे खाऊन लोक गेले आणि दुसऱ्या दिवशी देवाजीने विचारलं, "पेढे कायचे व्हत?"

मग हळूहळू तिच्या लक्षात येत गेलं. जुनं सगळं जागच्या जागी होतं. लग्नातला मांडव, लेकीचं बारसं, पंधरा वर्षांपूर्वीच्या नाटकातली लांबच लांब भाषणं. नवं मात्र काही टिकत नव्हतं. सकाळी आलेला पाहुणा संध्याकाळी पुसलेला. भाजी कोणती खाल्ली, ते हात धुवेपर्यंत. औषधं झाली, तपासण्या झाल्या. तापाने मेंदूतला आठवणी साठवायचा भाग दुखावला आहे, थोडं सुधारेल, थोडं राहील, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. थोडं सुधारलंही. पण राहिलेलं थोडं मोठं होतं.

आणि अशात यंदा भैयाजी घरी आला. जुन्या माणसाची त्याला माया होती. म्हणाला, "देवाजीभाऊ, नव्या नाटकात एक लहानसा पार्ट हाय. बापाचा. एकच प्रवेश. तुमच्यासारखा आवाज मले दुसरीकडं भेटून नाई राह्यला."

देवाजीचा चेहरा उजळला. भैयाजी गेल्यावर देवाजी झेरॉक्सचे कागद घेऊन अंगणात फेऱ्या मारू लागला. दुपार झाली, सांज झाली. एकच प्रवेश, मोजकी वाक्यं. कागद पाहून म्हणे तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई. कागद खाली केला की ओठ हलत आणि आवाज नसे. शेवटी त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि गुमान भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला विसरल्याचं आठवत नसे, पण जमत नाही हे मात्र कसं कोण जाणे आत कुठेतरी साचून राही. मनकर्णाला तेच बघवत नव्हतं.

त्यांची लेक दिव्यानी ब्रह्मपुरीला औषधांचं शिक्षण घेत होती. दसऱ्याच्या सुट्टीत ती घरी आली. थोरला निकेश राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत कामाला. त्याचा फोन येई, तो स्वतः क्वचितच येई. त्यामुळे मनातलं बोलायला मनकर्णाला ही लेकच.

सकाळी मनकर्णाने आपली साखरेची गोळी काढली. तिला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. दिव्यानी सहज म्हणाली, "माय, या शुगरच्या औषधाबद्दल आमच्या सरांनी एक गंमत सांगतली. शास्त्रज्ञांनी उंदरांना देल्लं, तं त्याइच्या मेंदूत नव्या पेशी तयार झाल्या. आठवणीचा जो भाग रायते ना, तिथीच."

मनकर्णाचा पाण्याचा गिलास तोंडाशी थांबला. "नव्या? म्हंजे नवीन मेंदू?"

"मेंदू नाई वं. पेशी. बारीक बारीक कण समज. पह्यले वाटे का मोठ्या वयात त्या होतच नाई. आता म्हनतात होत असन. माणसात किती होतात, होतात का नाई, यावर अजून भांडून राह्यले ते लोक."

"मंग तुया बाबाले देल्ली तं?"

दिव्यानी हसली. मग आईचा चेहरा पाहून तिचं हसू गेलं. "नाई माय. बाबाले शुगर हाय का? उंदरावरची गोष्ट हाय ती. असं मनानं काई द्याचं नसते."

"म्या कुठी देऊन राह्यली? इचारलं फक्त."

सुट्टी संपली, दिव्यानी बसने गेली. मनकर्णाने पुढचे काही दिवस स्वतःशी झगडण्यात घालवले. कापणी करताना, भारे बांधताना, बोडीच्या काठावर धुणं आपटताना तिच्या डोक्यात तोच एक शब्द फिरत राही. नव्या. ज्या डोक्यात काल टिकत नाही, त्या डोक्यात नवं काहीतरी उगवू शकतं. लेक म्हणाली देऊ नको. पण लेक असंही म्हणाली की मोठमोठी माणसं अजून भांडतायत. त्यांचं भांडण मिटेपर्यंत मंडया थांबणार होत्या का? आणि गोळी काही परकी नव्हती. इतकी वर्षं ती स्वतः खात होती, ती कुठे मेली?

एका सकाळी तिने गोळी विळ्यावर धरून मधोमध तोडली. अर्धी स्वतः घेतली, अर्धी देवाजीपुढे धरली.

"हे कायची?" त्याने विचारलं.

"ताकतीची. डॉक्टरनं देल्ली."

त्याने गिळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, "हे कायची?" पुन्हा तिने सांगितलं, ताकतीची. खोटं एकदा बोलून भागतं असं तिला वाटलं होतं. इथे रोज सकाळी नव्याने बोलावं लागत होतं, आणि तो रोज तितक्याच विश्वासाने तिच्याकडे पाहत होता. ती नजर चुकवून चुलीत काड्या सारी.

गोळी दिली म्हणून ती थांबली नाही. सकाळी त्याला घेऊन बांधीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, चालत निघे. ती नाटकातली घर सोडून परत आलेली मुलगी होई, तो बाप होई. "बाबा, मी आले," असं ती भीत भीत, शाळेतल्या पोरीसारखं म्हणे, आणि त्याच्या वाक्याची वाट बघे. वाक्य येत नसे. ती सांगे, तो म्हणे. पुन्हा पहिल्यापासून. कापणीच्या बाया हसत. "मनकर्णाबाई म्हातारपणी नटी झाली," म्हणत. तिला हसू येत नव्हतं आणि रागही येत नव्हता. तिला फक्त घाई होती.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, मी आले."

देवाजी चालता चालता थांबला. वर आभाळाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पोरी, उंबऱ्यावर कशाला उभी? बाप रागावला होता, घर नव्हतं रागावलं. ये, आत ये!"

कागद घरी होता. तिने सांगितलं नव्हतं. मनकर्णा धुऱ्यावरच खाली बसली. तोंडाला पदर लावून रडली. देवाजी गोंधळला, "चुकलं का?" म्हणू लागला. त्याच दिवशी दुपारी त्याने अन्नपूर्णाबाईला विचारलं, "काल तुमचा जावाई आलता ना? गेला का?" जावई खरंच काल आला होता.

त्या दिवसापासून मनकर्णाला धीर राहिला नाही. अर्ध्या गोळीने एवढं, तर अख्खीने किती? औषधवाला चिठ्ठीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त देत नसे. मग तिने आपली बंद केली आणि अख्खी गोळी त्याला देऊ लागली. तिचं अंग जड झालं. तहान भागेना; रात्री लघवीला उठावं लागे, पुन्हा पाणी, पुन्हा उठावं. तळपायांना मुंग्या. या सगळ्याचा अर्थ तिला कळत होता, पण तो अर्थ ती मंडई होईपर्यंत बाजूला सारत होती. दिव्यानीचा फोन आला की म्हणे, "गोळी घेऊन राह्यली मी. तू अभ्यास कर."

तालमीचा दिवस उजाडला. वडशाला भैयाजीने एक सभागृह घेतलं होतं, दुपारी तिथे सगळी मंडळी जमायची होती. देवाजी पहाटेपासून तयार. धुतलेला सदरा, केसांना तेल. जेवायला वाढलं तर ताट सरकवलं. "पोट भरलं असलं का आवाज निघत नाई," म्हणाला. पूर्वीही तो असाच करायचा. गोळी मात्र त्याने घेतली. मनकर्णाने हातावर ठेवली म्हणून. बसमध्ये दोघेही गप्प होते. त्याच्या मांडीवरचा हात सारखा थरथरत होता. मनकर्णाला वाटलं, घाबरलाय.

सभागृहात खुर्च्या मागे सारून जागा केली होती. मुलीचं काम करणारी रंजीता, नागपूरची तरुण नटी, देवाजीच्या पाया पडली. भैयाजी खुर्ची उलटी करून बसला. "हं, घ्या भाऊ."

"बाबा, मी आले," रंजीता म्हणाली.

देवाजीने तोंड उघडलं. "पोरी..." आणि थांबला. पुन्हा "पोरी..." त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. मग तो तिसऱ्याच कुठल्या तरी नाटकातलं भाषण बोलू लागला, दिवाणाचं, त्यातही शब्द एकात एक अडकत गेले. जीभ जड. पाऊल वाकडं पडलं. त्याने हवेत हात झाडला आणि रंजीतावरच ओरडला, "कोन हाय तू? निंघ इथून!"

मागे कुणीतरी हसलं. भैयाजी उठला. त्याचा आवाज दुखावलेला होता. "भाऊ, आजच्या दिवशी तरी प्यायचं नव्हतं ना."

"नाई पेले ते!" मनकर्णा कोपऱ्यातून पुढे आली. तिने देवाजीचा हात धरला. हात बर्फासारखा गार, घामाने ओला. हा घाम, ही थरथर तिने ओळखली. मधुमेह झाला तेव्हाच तिच्या डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं, उपाशीपोटी ही गोळी घेशील तर असं होईल, तेव्हा आधी साखर तोंडात घाल. इतकी वर्षं ते तिने स्वतःसाठी लक्षात ठेवलं होतं.

"साखर आना!" ती ओरडली. "कोनी साखर आना लवकर! दारू नाई, गोळी देल्ली म्या त्याइले! मायी शुगरची गोळी देल्ली!"

रंजीता पळत चहाच्या टपरीवर गेली, साखर आणि पाणी घेऊन आली. देवाजी अजून गिळत होता, तेवढं नशीब. मनकर्णाने त्याला धरून घोट घोट पाजलं. अर्धं सदऱ्यावर सांडलं. भैयाजीने गाडी काढली आणि त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर साधना वयाने दिव्यानीपेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी बोटाला टोचून साखर पाहिली, लगेच सलाइन लावलं. देवाजीचे डोळे हळूहळू जागेवर आले. "गोळीचा असर लांबतो, साखर पुन्हा खाली जाऊ शकते," त्या म्हणाल्या, "आज ठेवून घ्यावं लागेल." मग मनकर्णाकडे वळल्या. "आणि तुम्ही? गोळी त्यांना दिली तर तुम्ही काय घेत होता?"

साधना मॅडमनी तिचंही बोट टोचलं. आकडा पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. एकाची साखर तळाला गेली होती, दुसरीची डोक्यावर चढली होती. दोघांनाही शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या.

त्यांनी रागवायला सुरुवात केली, आणि मनकर्णाने सगळं सांगितल्यावर त्या मध्येच थांबल्या. गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन म्हणाल्या, "ती उंदरांची गोष्ट तुमच्या मुलीने खरी सांगितली. पण ती एका औषधाची. तुमच्या या गोळीत दोन औषधं एकत्र आहेत. दुसरं साखर खाली ओढतं, मग ती वाढलेली असो की नसो. भाऊंची वाढलेली नव्हतीच. आणखी थोडा उशीर झाला असता तर आहे तो मेंदूही गेला असता."

तरी तिने विचारलंच. "पन मॅडम, त्याइले आठवलं होतं. नवं भाषण. अन्नपूर्णाबाईचा जावाई. ते कशानं?"

साधना मॅडमनी पाकीट खाली ठेवलं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्या थोड्या दिवसांत गोळीने झालं असेल असं मला वाटत नाही. रोज चालत होता, रोज तेच तेच म्हणून घेत होता, त्याने असेल. एखादा दिवस बरा उजाडतो, तसंही असेल. पण मी खात्रीने काही सांगितलं तर ते खोटं होईल."

दुसऱ्या दिवशी दिव्यानी आली. आधी आईवर चिडली, मग तिच्या खाटेवर बसून रडली, मग पुन्हा चिडली. देवाजीला हे रडणं कळेना. त्याने विचारलं, आणि दिव्यानीने आईकडे एकदा पाहून त्याला सगळं सांगून टाकलं.

देवाजी सलाइनची नळी सांभाळत उठून बसला. मग मनकर्णाला म्हणाला, "मले काऊन नाई इचारलं?"

"इचारलं असतं तं तुमी इसरले असते," ती म्हणाली. तिला तोंडातून निघाल्यावर कळलं आपण काय बोललो.

"इसरलो असतो," देवाजी म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण असा आवाज तिने नाटकातही ऐकला नव्हता. "मंग रोज इचाराचं. मी इसरतो म्हून काय मायं डोस्कं गावाचं झालं का? त्यात काय टाकाचं ते तू ठरवशीन?"

मनकर्णाने मान खाली घातली. तिने उठून त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. त्याने पाय ओढून घेतला.

तो पार्ट दुसऱ्याला गेला. भैयाजी स्वतः सांगायला आला आणि चहाही न पिता गेला. मंडया सुरू झाल्या. नाटकाची जाहिरात करणारी जीप गावातून फिरली, भोंग्यावर कलाकारांची नावं घेत गेली. देवाजी दारात उभा राहून अख्खी यादी ऐकत राहिला आणि जीप वळणाआड गेल्यावर म्हणाला, "मायं नाव नाई घेतलं." मनकर्णाने त्याला का ते सांगितलं. सगळं, दवाखान्यापासून. तो पुन्हा तसाच दुखावला, जणू पहिल्यांदाच ऐकतोय. तिच्यासाठी हीच शिक्षा होती. तिने ती टाळली नाही.

साधना मॅडमनी तिचं औषध बदललं. आता ते एकच औषध होतं, उंदरांच्या गोष्टीतलं. साखर तळाला ओढणारं दुसरं त्यात नव्हतं. मनकर्णा सकाळी गोळी हातात घेई आणि ती तळहातावरच राही. ही दिली तर घेरी येणार नाही. ही दिली तर कदाचित. ती घटाघट पाणी पिऊन गोळी गिळून टाकी आणि दिवसभर तिचं मन तिथेच घिरट्या घाली. धुऱ्यावरचं चालणं मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. नाटक नव्हतं तरी ती म्हणे, "बाबा, मी आले," आणि तो कधी ये म्हणे, कधी नुसता हसे.

धानाचा चुरणा झाला, मळणी उरकली, त्या दिवसांत तिच्याने राहवेना. सकाळी ती देवाजीसमोर बसली, गोळी दोघांच्या मधे जमिनीवर ठेवली, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं: ताप, विसरणं, उंदीर, अर्धी गोळी, वडसा, दवाखाना. शेवटी विचारलं, "आता सांगा. तुमाले घ्याची वाटते का?"

ती 'नाई'ची वाट पाहत होती. देवाजी म्हणाला, "घेतो."

मनकर्णा दचकली. "काऊन?"

"तुले रोज सांगा लागते म्हून," तो म्हणाला. "थकली असशीन."

तिने झटकन गोळी उचलून मुठीत धरली. "अशी नाई. डॉक्टरबाईले इचारू. दोघंही जाऊ. तुमीच इचारा."

त्याच दिवशी ते वडशाला गेले. साधना मॅडमकडे गर्दी होती, बाकावर बसल्या बसल्या देवाजीने विचारलं, "कायले आलो आपन?" मनकर्णाने सांगितलं. शेजारच्या म्हातारीने कान टवकारले, तरी आवाज लहान न करता सांगितलं.

आत गेल्यावर देवाजी खुर्चीत ताठ बसला. "मॅडम, मेंदूत नवं उगवते म्हनतात, खरं का?"

"उंदरांत दिसलंय, भाऊ. माणसांत अजून शोध चालू आहे."

"मंग मी घेऊ का?"

"आज नको. तुम्हाला ती देण्यासारखं माझ्या हातात आज काही नाही. पण मी नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांशी बोलते. काही कळलं तर तुम्हा दोघांना बोलावून सांगेन."

देवाजीने मान हलवली. "थांबू," तो म्हणाला. मग मनकर्णाकडे वळून, "तू आठवन ठेव."

बाहेर उन्हात बस उभी होती. मनकर्णाने त्याला खिडकीशी बसवलं, स्वतः शेजारी बसली. जीव शांत झाला असं नव्हतं. नागपूरचे डॉक्टर काय म्हणतील, कधी म्हणतील, तोवर याचं किती जाईल. बस कुरखेड्याच्या रस्त्याला लागली. देवाजीने बाहेर पाहत तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कुठी गेलतो वं आपन?"

"दवाखान्यात," ती म्हणाली, आणि सांगू लागली.